काटा पांढऱ्यात!

…सोडली? मी सोडली? अहो, मला सोडायला लावली! तुम्हाला सांगतो, चौदा वर्षं या हातांनी स्टिअरिंग धरलं, आधी मुंबईला एका पारशाची गाडी, मग इथं हरिश्चंद्रशेठची चिपळूण-रत्नागिरी सर्व्हिस मोटार, आणि आज बघा, बंदरावर तुमच्या ट्रंका उचलतोय… आणि काय हो भरलंय काय हिच्यात, चिरे? बसा, बसा तिच्यावरच, दबायची नाही ती. बोटीला अजून तास-दीड तास आहे. आणि तुम्ही विचारलंतच म्हणून सांगतो, एरवी नाही सांगत मी कोणाला. दारू पिऊन गेली का नोकरी? नाही! अपघात केला? चौदा वर्षांत एक कोंबडी, फक्त एक, आणि तीसुद्धा आधी पलीकडे गेली होती, काय आठवलं कुणास ठाऊक, परत फिरली! नोकरी गेली ती एका काट्यापायी. बाभळीच्या नाही हो, तबकडीतल्या!

आता हा काटा कुठून आला ते ऐका. आमच्या शेठचं मूळचं दुकान किराणा-भुसाराचं. नारळ, गूळ, कापूर, उदबत्ती. चांगला माणूस. देवभोळा, गोडबोल्या, कोणाच्या मयताला लाकडं कमी पडली तर स्वतःच्या वखारीतनं धाडणारा. पण मोटार घेतली आणि पेट्रोलचं दुःख लागलं माणसाला! कोणाला मुलगी उजवायची काळजी असते, कोणाला दमा असतो, शेठला पेट्रोल होतं. रोज संध्याकाळी टाकीत वेताची काठी घालायची, ओली किती, कोरडी किती बघायची आणि कपाळाला हात लावायचा. "धाकू, गॅलनला अकरा मैल? अरे अकराच? पितोस काय रे तू?" मी म्हणायचो, शेठ, मी चहा पितो, पेट्रोल मोटार पिते. चढ कोणी केले? मी केले? संगमेश्वरापासून इकडे एक तरी फर्लांग सरळ आहे का सांगा मला! चढ, उतार, वळण, नदी, परत चढ… देवानं कोकण केलं तेव्हा मोटारीचा विचार केला नव्हता, त्याला मी काय करू?

तर अशात एक दिवस मुंबईच्या बोटीनं एक इसम उतरला. गळ्यात टाय, हातात चामड्याची बॅग, अंगाला सेंटचा वास. दुकानात आला, बॅग उघडली, आतनं काढली एक डबी. डबीत पांढऱ्या गोळ्या. "शेठजी, गॅलनमागे एक गोळी! फक्त एक! इंजिन धुऊन निघतं, पेट्रोल दुप्पट पेटतं, अकराचे अठरा मैल नाही झाले तर माझं नाव बदला!" मी म्हटलं, साहेब, नाव काय तुमचं? तर माझ्याकडे बघितलंच नाही त्यानं. मग दुसरी वस्तू काढली. घड्याळाएवढी तबकडी, तिला एक नळी. नळी इंजिनाला जोडायची, तबकडी समोर लावायची. अर्धी तबकडी पांढरी, अर्धी तांबडी. पॅडल हलक्या पायानं दाबलं की काटा पांढऱ्यात, म्हणजे पेट्रोल वाचतंय. जोरात दाबलं की काटा तांबड्यात, म्हणजे उधळपट्टी! "शेठजी, तुम्ही दुकानात बसा. ड्रायव्हरवर हा लक्ष ठेवील." शेठचे डोळे असे भरून आले हो, मुलगा झाल्याची तार आल्यावर येतात तसे.

आणि लावली कुठं ती तबकडी? माझ्यासमोर? छे! काचेच्या वर, अगदी मधोमध, जिथं आमच्या गणपतीची तसबीर होती तिथं! गणपती गेला डाव्या कोपऱ्यात. तबकडीला हळद-कुंकू, हार, आणि शेठनं सगळ्या उतारूंना सांगितलं, "मंडळी, काटा तांबड्यात गेलेला जो बघेल आणि मला येऊन सांगेल, त्याला माझ्यातर्फे एक नारळ!" संपलं! अहो, नारळ! आपल्याकडे परसात नारळ पडलेले असतात, उचलायला वाकत नाही माणूस. पण फुकटचा नारळ म्हटलं की सगळी मोटार डोळ्यांत तेल घालून बसली! आधी उतारू काय करायचे? झोपायचे, ओकायचे, भांडायचे. आता? वीस माणसं, चाळीस डोळे, सगळे काट्यावर. जरा पाय दाबला की मागनं कोरस, "धाकू, काटा! काटा पांढऱ्यात!"

त्यात आनंदीबाई. देवरुखकडच्या, सोवळ्या बाई, जमिनीच्या दाव्यापायी दर पंधरवड्याला रत्नागिरीच्या कोर्टात तारीख. दाव्यात वकील हरत होता, पण बाई मोटारीत जिंकत होत्या! पुढच्या बाकावर बसायच्या, मांडीवर गाठोडं, नजर काट्यावर. "अरे धाकू, गेला बघ, गेला! पाय काढ मेल्या! शेठच्या पेट्रोलवर काय तुझ्या बापाचं नाव आहे?" दुसरा मामलेदार कचेरीतला कारकून. बोलायचा नाही, नुसता खिशातनं पेन्सिल काढायचा आणि टिपून ठेवायचा. पहिला नारळ त्यानं नेला. का, तर वाटेत म्हैस आडवी आली, तिला चुकवून मोटार चिखलातनं बाहेर काढायला मी दाबलं पॅडल. मी म्हटलं, शेठ, म्हैस होती हो. शेठ म्हणाला, "म्हशीचं म्हशीपाशी. काटा पांढऱ्यात!" दुसरा नारळ आनंदीबाईंनी नेला. तेव्हा मात्र चूक माझी. दुसऱ्या सर्व्हिसची मोटार मागनं येऊन पुढं गेली, आणि तिच्या ड्रायव्हरनं, मेल्यानं, हात हलवला! आता हात हलवल्यावर कोण गप्प बसेल? तुम्ही बसाल? शेठनं मला दुकानात बोलावलं, गूळ-पाणी दिलं, आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "धाकू, दोन नारळ झाले. तिसऱ्याला मी दुसरा ड्रायव्हर बघीन." घरी मथुरा, दोन मुली, म्हातारी आई. मी म्हटलं, बरं शेठ. काटा पांढऱ्यात.

गोळ्यांचं सांगायचं राहिलंच की! त्या गोळ्या संपल्या महिन्याभरात. शेठनं शेवटची गोळी हुंगली, जिभेला लावली, आणि ओरडला, "अरे, हा तर कापूर! मुंबईहून कशाला मागवायचा? आपल्या दुकानात डबे भरलेत!" वाण्याचं डोकं हो, ते दुकानाच्या बाहेर जातच नाही. झालं, दुसऱ्या दिवसापासून टाकीत कापूर. मोटार सुरू केली की देवळात आल्यासारखा घमघमाट! लांज्याचा एक म्हातारा होता, तो तर मोटार थांबली की डोळे मिटून हात जोडायचा आणि आरती संपली का म्हणून विचारायचा. आणि त्या कापराचा गाळ कुठं जायचा? सुईच्या टोकाएवढं भोक असतं बघा, ज्यातनं पेट्रोल इंजिनात जातं, त्यात! दर पाच मैलांवर मोटार खोकायची, मी उतरायचो, त्या भोकाचा स्क्रू काढायचा, तोंडात धरून फुंकायचा, परत बसवायचा. घरी गेलो की मथुरा म्हणायची, "तुमच्या तोंडाला नेवैद्याचा वास येतोय." आलाय वास तर आलाय, काय करू?

पण मैल वाढले! हो, वाढले ना. अकराचे चौदा झाले. शेठ गावभर सांगत सुटला, कापरानं चौदा झाले म्हणून. अहो, कसला कापूर! मैल वाढले ते माझ्या पायानं. चिपळूणहून चार तासांत येणारी मोटार सहा तासांत यायला लागली, उतार आला की इंजिन बंद, चढ आला की उतारू खाली! खरंच सांगतो, निवळीचा घाट आला की मोटार थांबायची, मी काही बोलायचो पण नाही, लोक आपापली गाठोडी घेऊन मुकाट्यानं उतरायचे आणि घाट चढायला लागायचे. तिकीट काढून चालत! आणि मी रिकामी मोटार त्यांच्या मागनं रांगत न्यायची, वर त्यांची वाट बघायची, परत भरायची. कोणी तक्रार केली नाही. आपल्या माणसाला एकदा कशाची सवय लागली ना, की तो विचारत नाही का म्हणून. मलाही लागली. तेच सांगतोय, मलाही लागली.

फाल्गुनातली गोष्ट, शिमग्याला आठ दिवस असतील. संगमेश्वरच्या अलीकडे रस्त्यात चार माणसांनी मोटार अडवली. डोलीत बाई. केरू म्हणून एक शेतकरी गडी, त्याची बायको जनी, पहिलटकरीण, परवापासून अडलेली. सुईणीनं हात टेकले, म्हणाली रत्नागिरीला मोठ्या दवाखान्यात न्या. खालपासून वरपर्यंत घामानं भिजलेली पोर, अठरा-एकोणीस वर्षांची असेल. दोन बाकांच्या मधे गोधडी टाकून निजवली तिला. आनंदीबाई होत्या त्या दिवशी, कोर्टाची तारीख होती. सोवळं-ओवळं बाजूला टाकून खाली बसल्या आणि पोरीचं डोकं मांडीवर घेतलं. केरू माझ्या पाठीशी उभा. "दादा, वाईच जोरात घ्या. हिचं काय खरं दिसत नाय." मी म्हटलं, घेतो. आणि पॅडल दाबलं. काटा हलला. आणि तुम्हाला सांगतो, कोणी काही बोललं नाही हो! आनंदीबाई खाली होत्या, कारकून पेन्सिल न काढता बसला होता, कोणी नाही बोललं, काटा पांढऱ्यात असं मोटारीत एक माणूस म्हणाला नाही. मीच म्हणालो. मनात. दोन नारळ झालेत धाकू. पाय आपोआप वर आला.

केरू परत म्हणाला, "दादा…" मी म्हटलं, "अरे बाबा, जोरात घेतली तर धक्के बसतील तिला. सांभाळून न्यावी लागते." लगेच पटलं बिचाऱ्याला. "तुमास ठाव," म्हणाला. आणि वर म्हणाला, "बरं झालं तुम्ही होतात."

मग निवळीचा घाट आला. आता तुम्ही म्हणाल, अडलेली बाई मोटारीत, आणि धाकू, तू उतारू उतरवलेस? मी नाही उतरवले! मी नुसती थांबवली, रोजच्या जागी, रोजच्यासारखी, आणि लोक उतरले. रोजच्यासारखे! एकसुद्धा म्हणाला नाही की आज बसून राहू. केरूसुद्धा उतरला. त्याला वाटलं वजन कमी झालं म्हणजे मोटार लवकर चढेल, अडाणी माणूस, त्याला कुठं माहीत की लवकर चढण्यासाठी नाही, कमी पिण्यासाठी उतरायचं असतं! आणि मी निघालो. पहिल्या गिअरात. काटा पांढऱ्यात, अगदी कडेवर थरथरतोय पण पांढऱ्यात, आणि मी एकाच गोष्टीकडे बघतोय. शेजारनं केरू. खिडकीतनं हात आत घालून त्यानं जनीच्या पदराचं टोक धरलेलं, आणि मोटारीच्या बरोबरीनं येत होता. पळत नव्हता हो. चालत. माझी मोटार आणि एक चालणारा माणूस, घाटाच्या तळापासून माथ्यापर्यंत बरोबर! आतनं ती पोर ओरडायची, आनंदीबाई म्हणायच्या, "आलं गो बाय, आलं हां गाव." कुठलं गाव? निवळीसुद्धा यायची होती अजून.

मधे मोटार खोकली. कापूर! उतरलो, स्क्रू काढला, फुंकला, बसवला. वर पोचलो तर बाकीचे लोक मागे. लांज्याचा तो म्हातारा सगळ्यांच्या मागे, दोन पावलं चालायचा, थांबायचा. त्याच्यासाठी थांबलो. आणि थांबलो तेव्हा… आता खोटं कशाला सांगू, मी तंबाखू मळली. उभा राहून तंबाखू मळली हो मी. चुना लावला, मळली, झटकली, तोंडात टाकली. केरू माझ्या हाताकडे बघत होता.

म्हातारा आला, बसला, आणि तेवढ्यात आत सगळं शांत झालं. जनी ओरडायची थांबली. आनंदीबाईंनी वर बघितलं. त्या बाईचा तसा चेहरा मी कधी बघितला नव्हता. हळू आवाजात म्हणाल्या, "धाकू, तो काटा घाल चुलीत आणि हाण मोटार." मग हाणली! पाय असा रोवला की पॅडल फळीला टेकलं. हातखंबा कधी आलं आणि कधी गेलं! काटा तांबड्यात, तांबड्याच्याही पलीकडे, खिळ्याला जाऊन अडकला. आणि मागं काय चाललंय म्हणून आरशात बघतो तर वीस माणसं, सगळी, खिडकीबाहेर तोंड करून बसलेली! झाडं बघत होती, दगड बघत होती, एक माणूस पुढं बघेल तर शपथ! कारकून उठला, डोक्यावरची टोपी काढली आणि तबकडीवर टांगली. टांगली आणि खाली बसला. मला रडू आलं हो. पण रडायला वेळ नव्हता, वळणं होती.

दवाखान्यात स्ट्रेचरवरनं आत नेली. आम्ही सगळे बाहेर व्हरांड्यात, अख्खी मोटार! आनंदीबाईंची तारीख गेली, त्या हलल्या नाहीत. बऱ्याच वेळानं डॉक्टर आले. बाळ वाचलं, मुलगा, जरा निळा होता पण वाचला. जनी गेली. डॉक्टर केरूशी बोलले, मग माझ्याकडे वळले, खाकी कपडे बघून ओळखलं असेल, आणि म्हणाले, "अर्धा तास आधी पोचली असती तर प्रयत्न करता आला असता." रागानं नाही म्हणाले. हवा गरम आहे म्हणावं तसं म्हणाले. तुम्हाला सांगतो, जगात कोणाला माहीत नाही तो अर्धा तास कुठं गेला. डॉक्टरांना नाही, केरूला नाही. मला माहीत आहे. घाटात किती गेला, फुंकण्यात किती, म्हाताऱ्यात किती आणि तंबाखूत किती, सगळं माहीत आहे.

संध्याकाळी शेठनं काठी घातली टाकीत. "धाकू, आज जास्त प्यायली?" मी म्हटलं, गळती असेल. त्यानं उतारूंना विचारलं, काटा कुठं होता? सगळे म्हणाले, पांढऱ्यात! कारकून म्हणाला, पांढऱ्यात. आनंदीबाई, जन्मात खोटं न बोललेली बाई, कोर्टात खोटं बोलायला वकिलानं हातापाया पडून सांगितलं तरी न ऐकलेली, तिनंही सांगितलं पांढऱ्यात! शेठनं कापूर वाढवला.

आणि चौदाव्या दिवशी केरू आला. दिवसकार्य उरकून, डोकं भादरलेलं, चालत आला होता संगमेश्वराहून. दुकानात शिरला तो थेट शेठच्या पायांवर. "शेठ, तुमची मोटार देव हाय. तुमचा डायवर देव हाय. त्या दिशी ह्यांनी काटा तांबड्यात घालून आणली माझ्या जनीला. मानसं म्हनत होती, नोकरी जाईल त्याची, तरी त्यानं घातला. पोर जगला तो ह्यांच्यामुळं." मी तिथंच उभा, पोत्याला टेकून. थांब रे, थांब रे म्हणेपर्यंत सगळं बोलून झालं त्याचं.

शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं पाणी, खोटं नाही सांगत. केरूला उठवलं, पोराची चौकशी केली, दुधाची काय सोय म्हणाले. मग धोतरानं डोळे पुसले, आत गेले आणि नारळ घेऊन आले. नियम तो नियम! केरूला वाटलं पोराच्या नावानं दिला, त्यानं कपाळाला लावला आणि परत पाया पडला. तो गेल्यावर शेठ मला म्हणाले, "धाकू, त्या दिवशी केलंस ते बरोबर केलंस. माणुसकी केलीस. पण मला येऊन सांगायचं होतंस, गळती कशाला सांगितलीस? आज एक अडलेली बाई, उद्या दुसरं कोणी, असं म्हटलं तर मोटार कधी पांढऱ्यात राहील?" माझं तोंड उघडलं होतं. सांगणार होतो, शेठ, नाही हो, मी माणुसकी केली नाही, मी अख्खा घाट पांढऱ्यात चढवला, तुमचं पेट्रोल वाचवलं. ते ऐकून ठेवलं असतं त्यांनी मला नोकरीवर! खरंच ठेवलं असतं! पण नाही निघालं तोंडातनं. ड्रायव्हरचा पट्टा काढून ठेवला आणि बाहेर पडलो.

आता तुम्ही बोटीनं जाल, मुंबईला पोचाल, विसराल, म्हणून सांगितलं. इथं कोणाशी बोलू नका, केरूच्या कानावर तर मुळीच जाता कामा नये. त्याला कोणीतरी सांगितलं ना, की तुझ्या बोलण्यानं धाकूची नोकरी गेली. तेव्हापासून येतो तो, दर महिन्याला, संगमेश्वराहून. कधी पोर खांद्यावर असतं, वर्षाचं झालं आता, चांगलं गुटगुटीत आहे. कुळथाचं गाठोडं आणतो, कधी तांदूळ आणतो, ओसरीवर ठेवतो, मथुरा नको नको म्हणते तरी ठेवतो. मग माझ्यासमोर उभा राहतो, हात जोडतो, आणि म्हणतो, "दादा, माझ्या तोंडानं तुमचं वाटोळं झालं. मला माफ करा."

आणि काय करणार हो? मी करतो त्याला माफ. दर महिन्याला करतो.